उंटिणीच्या दुधाने इन्सुलिन सुटत नाही

नाशिकच्या पंचवटीत माझं मेडिकल आहे. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका दर महिन्याला ठरलेल्या तारखेला इन्सुलिनची पेन न्यायला येतात. गेल्या महिन्यात आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आता गरज नाही हो, उंटिणीचं दूध सुरू केलंय." सोबत मेसेजही पाठवला. गोल्फ क्लब मैदानावरच्या त्यांच्या चालण्याच्या ग्रुपवर तो आला होता. पुढच्या आठवड्यात तोच मेसेज मला आणखी चार गिऱ्हाइकांनी दाखवला.

मजकूर थोडक्यात असा: उंटिणीच्या दुधात नैसर्गिक इन्सुलिन असतं आणि ते पोटात नष्ट होत नाही. राजस्थानात हे दूध पिणाऱ्या रायका या उंट पाळणाऱ्या समाजात मधुमेहच नाही. बिकानेरच्या डॉक्टरांनी हे सिद्ध केलंय. या दुधात साखर नसते. ताजं मिळालं तर कच्चंच प्या, उष्णतेने गुण जातो; ताजं नसेल तर रोज दोन चमचे पावडर घ्या, तीन महिन्यांत इंजेक्शन बंद.

आधी इन्सुलिनचं पाहू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. उंटिणीच्या दुधात इन्सुलिन असतं, हे खरं आहे. पण ते गाईच्या दुधातही असतं आणि आईच्या दुधातही. इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. तोंडावाटे घेतलं की जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात, जसे डाळीतल्या प्रथिनांचे करतात. टोरांटोत 1922 साली पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याला शंभर वर्षं उलटली. माझ्या दुकानात आजही इन्सुलिनची गोळी नाही, ती याच कारणाने. उंटिणीचं दूध जठरात गाईच्या दुधासारखं घट्ट साकळत नाही, म्हणून त्यातलं इन्सुलिन वाचून पुढे जात असावं, असा काही संशोधकांचा अंदाज आहे. तो अंदाजच आहे. माणसाच्या रक्तात ते इन्सुलिन पोचून काम करतं, हे कुणी पक्कं दाखवलेलं नाही. आणि समजा पोचलंच, तर किती पोचलं हे कळणार कसं? आपण पेनवर दोन युनिट इकडे-तिकडे करताना डॉक्टरांना विचारतो. दुधाचा डोस कोण मोजणार?

बिकानेरचा अभ्यास मात्र खरा आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा, 24 रुग्णांवर दोन वर्षं तो चालला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा जणांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या बारा जणांना तेच उपचार, वर रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध. दूध पिणाऱ्यांची इन्सुलिनची गरज कमी झाली, तिघांची तर शून्यावर आली. हे ऐकून कुणालाही आशा वाटेल, मलाही वाटली. पण मेसेजमध्ये जे गाळलंय ते असं: इन्सुलिन आधी बंद करून दूध सुरू केलेलं नव्हतं. इन्सुलिन चालू होतं, साखर सतत तपासली जात होती आणि डोस त्याप्रमाणे हळूहळू उतरवला गेला. बारापैकी नऊ जणांना दोन वर्षांनंतरही इन्सुलिन लागतच होतं. आणि बारा माणसं म्हणजे आमच्या गल्लीतली एक इमारतही भरत नाही. एवढ्यावरून औषध ठरत नसतं.

शिवाय तिथे ताजं दूध अर्धा लिटर होतं. त्यातला पाण्याव्यतिरिक्तचा ऐवजच पन्नास-साठ ग्रॅम भरतो. इथे दोन चमचे पावडर, म्हणजे फार तर 15-20 ग्रॅम. बिकानेरच्या अभ्यासाचं नाव घेऊन त्याच्या तिसऱ्या हिश्शाची मात्रा विकली जातेय.

रायकांबद्दलचा अभ्यासही आहे, 2007 चा. दूध पिणाऱ्या रायकांमध्ये मधुमेहाचा रुग्ण आढळला नाही. पण त्याच अभ्यासात दूध न पिणाऱ्या रायकांमध्येही मधुमेह फारच कमी होता. दूध पिणाऱ्या इतर समाजांतही तो कमी होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, म्हणून दुधाचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण ही माणसं जगतात कशी, हे नाशिककरांनी पाहिलंय. 2023 च्या मे महिन्यात शंभरावर उंट नाशिकला आले होते, पांजरापोळात ठेवले होते. त्यांना परत न्यायला राजस्थानातून रायका आले आणि कळप घेऊन पायी निघाले. दिवसभर कळपामागे चालणाऱ्याची साखर आणि खुर्चीत बसून मेसेज पुढे ढकलणाऱ्याची साखर, यांची तुलना एका पेल्यावर कशी करायची?

"साखर नसते" हे साफ खोटं. या दुधात साधारण चार ते पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, जवळपास गाईच्या दुधाइतकंच. पाव लिटरच्या पेल्यात 10 ते 12 ग्रॅम. त्याच नावाने चॉकलेट आणि कुकीज विकल्या जातात, त्यात वरून घातलेली साखर वेगळी. डबा उलटा करून 'कर्बोदके' ही ओळ वाचा, एवढंच मी प्रत्येकाला सांगतो.

कच्चं दूध तर अजिबात पिऊ नका. उंटांनाही ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार होतो आणि तो कच्च्या दुधातून माणसाला होतो. महिनोनमहिने ताप, सांधेदुखी. आणि उष्णतेने गुण जातो असं म्हणता, तर पाश्चराइझ करून वाळवलेल्या पावडरीत तो कसा शिल्लक राहिला, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

दूध म्हणून माझा त्याला काही विरोध नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये त्याचे निकष ठरवले, 2019 पासून अमूल ते कच्छच्या मालधारी पशुपालकांकडून घेऊन विकतंय. देशातले उंट 2012 च्या पशुगणनेत चार लाख होते, 2019 मध्ये अडीच लाख उरले. दुधाला भाव मिळाला तर कळप टिकतील. त्यासाठी जरूर विकत घ्या. आहारात मोजून घ्या, डॉक्टरांना सांगून घ्या, घरी ग्लुकोमीटर ठेवा. टाइप 1 असेल तर इन्सुलिनचा एक दिवसही खाडा नको, कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था) व्हायला वेळ लागत नाही.

काकांची उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर गेली होती. पायाच्या अंगठ्याला चपलेने लागलं होतं, ते तीन आठवडे भरत नव्हतं. मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. परवा ते पेन न्यायला आले तेव्हा अंगठ्यावर पट्टी होती. अर्धा डबा शिल्लक आहे, त्याचं काय करू, असं विचारलं. म्हटलं, सकाळच्या दुधाऐवजी घ्या, आणि पेन आधी फ्रिजमध्ये ठेवा.