लिटर बदललं ते मुद्दाम, सांगितलं नाही ही आमची चूक

नमस्कार ताई,

तुमची मांजरी आणि तिची पाच आठवड्यांची चार पिल्लं सहा दिवस सांभाळायला आमच्याकडे होती. तुमच्या तक्रारी तीन आहेत: तुम्ही दिलेलं सुगंधी लिटर (मांजरांच्या शी-शूच्या बॉक्समध्ये पसरायचे दाणे) बाजूला ठेवून आम्ही ‘काहीतरी स्वस्तातलं’ वापरलं, न्यायला आलात तेव्हा खोलीत वास मारत होता, आणि घरी गेल्यापासून पिल्लं पलंगावर शू करतात, म्हणजे त्यांची सवय आम्ही बिघडवली.

वास येत होता, हे खरं. बॉक्स रोज सकाळ-संध्याकाळ साफ होतात, पण त्या दिवशी सकाळची फेरी राहून गेली आणि दुपारी तुम्ही आलात तेव्हा रात्रीची घाण तशीच होती. माणसं कमी होती, पण ते आम्ही बघायचं, मांजरांनी नाही. त्या दिवसाचे पैसे परत करतोय.

लिटरबाबत मात्र उद्या पुन्हा तेच करू. तुम्ही दिलेलं लिटर बेंटोनाइट मातीचं, ओलं झालं की घट्ट गोळा होणारं. मोठ्या मांजराला ते चालतं. पण या वयाचं पिल्लू नवी वस्तू आधी तोंडात घालून बघतं. पहिल्याच संध्याकाळी तुमचा पांढऱ्या कानाचा बॉक्समध्ये बसून ते दाणे चघळताना सापडला. (सहा दिवस आमच्या बुटांच्या नाड्या सोडल्या नाहीत, तोच हा.) बॉक्समध्ये गोळा होणारी गोष्ट पोटात गेली तर तिथेही गोळा होऊन आतडं तुंबू शकतं. म्हणून पिल्लांना कागदाच्या गोळ्यांचं, न गुठळणारं लिटर दिलं. आईला तुमचंच ठेवलं, पिल्लांना चढता येणार नाही अशा उंच काठाच्या बॉक्समध्ये. सुगंधाचं म्हणाल तर तो आपल्या नाकासाठी असतो. कित्येक मांजरं उग्र वासाच्या बॉक्समध्ये पायच ठेवत नाहीत. हे सगळं त्याच संध्याकाळी फोन करून सांगायला हवं होतं. ते केलं नाही, म्हणून तुमचा राग रास्त आहे.

आता पलंग. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लांना आपणहून शी-शूसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणजे ज्या सवयीबद्दल आपण बोलतोय ती जेमतेम आठ-दहा दिवसांची. आमच्याकडे एका खोलीत तीन उथळ ट्रे होते, दोन पावलांवर. तुमच्याकडे एकच झाकणाचा बॉक्स आहे, तोही बाथरूममध्ये वॉशिंग मशिनशेजारी, असं तुम्हीच लिहिलंय. एवढ्याशा जिवाला अख्खं घर ओलांडून, घरघरणाऱ्या मशिनपाशी, उंच काठावरून उडी मारून आत जायचंय! पलंग जवळ आहे आणि मऊ आहे.

काही दिवस त्यांना एकाच खोलीत ठेवा. दोन-तीन कोपऱ्यांत उथळ ट्रे, खाण्याच्या भांड्यांपासून लांब. प्रत्येकात थोडं वापरलेलं लिटर मिसळा. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर उचलून ट्रेमध्ये सोडा. चुकलं तर ओरडू नका, नाक घासू नका. त्यानं ती फक्त लपून करायला शिकतात. गादीला एन्झाइमचं क्लीनर लावा, नुसत्या साबणानं वास उरतो आणि पाय पुन्हा तिकडेच वळतात. मात्र एखादं पिल्लू सारखं बसतंय, कुंथतंय आणि थेंबथेंबच होतंय, किंवा रक्त दिसतंय, तर सवयीच्या मागे न लागता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दोन ट्रे आणि कागदाच्या लिटरची उरलेली पिशवी तुमच्यासाठी काढून ठेवली आहे, कधीही घेऊन जा. ट्रे परत आणायची घाई नाही. नाडीबहाद्दर त्यात मावेनासा झाला की आणा.