रंकाळा तलावाच्या काठावर पाणी रंगवायला शिकवणाऱ्या आमच्या वर्कशॉपला दोन स्टार दिलेल्या ताईंना उत्तर

ताई नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी उठून परत वाचला. दोन दिवस सुट्टी काढून, पुण्याहून कोल्हापूरला येऊन तुमचं समाधान झालं नाही त्याबद्दल मनापासून सॉरी. ज्यांनी तो रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ताईंचं म्हणणं असं आहे की कागदाचे ६५० रुपये वेगळे घेतले, पहिल्या दिवशी निळा रंग दिलाच नाही, मोबाईलवरचा फोटो उलटा करून प्रतिबिंब काढायला मनाई केली, आणि शनिवारची सकाळ "काठावर नुसतं बसवून फुकट घालवली".

बाकीच्या गोष्टींवर थोडं थोडं लिहितो, पण हे फुकट घालवल्याचं मला फार लागलं, कारण आमच्या वर्कशॉपमध्ये खरं शिकवायचं जे आहे ते त्या सकाळीच आहे.

वेळेचं आधी बोलू. गुरुवारी ग्रुपवर मेसेज टाकला होता, शनिवारी सकाळी साडेसहाला संध्यामठाच्या (तळ्यातल्या दगडी मंडपाच्या) समोरच्या काठावर जमायचं, उशीर करू नका, असं शेवटी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. डिसेंबरात कोल्हापूरला सूर्य साधारण सातच्या सुमारास उगवतो. त्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा तासभर वारा जवळजवळ नसतो, तळं स्थिर असतं, मठाचे दगड आणि पाण्यातले दगड यांच्यातली रेघसुद्धा शोधावी लागते. ऊन वर आलं, जमीन तापायला लागली की वाऱ्याची झुळूक सुरू होते आणि तो आरसा मोडतो. तुम्ही पोचलात तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. रात्रीची गाडी लेट झाली हे तुम्ही सांगितलंत आणि मी एक शब्द बोललो नाही, उलट तुम्हाला चहा घेऊन मग बसा म्हटलं. पण तोवर पाण्यावर बारीक सुरकुत्या यायला लागल्या होत्या आणि बाकीच्या मंडळींनी स्थिर पाण्याचे टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा, वहीत उतरवून घेतले होते, म्हणून तुमच्या वाट्याला "नुसतं बसणं" आलं असं मला वाटतं. ते आठवलं की मलाही वाईट वाटतं, पण त्याला फुकट म्हणू नका हो.

त्या वेळात काय करत होतो ते सांगतो, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला वाटेल की सर टपरीवर गप्पा मारत होते. पायाजवळचं पाणी बघा असं मी म्हणालो होतो. तिथं आपण जवळजवळ सरळ खाली बघत असतो, आणि सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं, म्हणून तिथं आकाश दिसत नाही, आतला हिरवट गढूळपणा, शेवाळ, पायरीचा बुडालेला कोपरा दिसतो. नजर जसजशी लांब न्याल तसा कोन चपटा होतो आणि परत येणारा उजेड वाढत जातो, पलीकडच्या काठाजवळ तर पाण्याचा स्वतःचा रंग उरतच नाही, सगळं आकाश आणि झाडं. म्हणजे एकाच तळ्याला पुढे एक रंग आणि मागे दुसरा, मधे कुठंही रेघ न ओढता तो बदल करायचा. पाणी सपाट पडलेलं दिसावं यासाठी हे जमलंच पाहिजे, आणि ज्यांचं पाणी भिंतीला निळा डिस्टेंपर मारल्यासारखं उभं दिसतं त्यांचं इथंच चुकलेलं असतं. हे यूट्यूबवर दिसत नाही असं माझं म्हणणं नाही, पण कॅमेरा एका जागी असतो, तुमची मान हलत नाही. काठावर मान खालून वर नेली की पाच सेकंदात कळतं.

दुसरं, काळा दगड पाण्यात थोडा उजळ दिसतो आणि पांढरा बगळा पाण्यात थोडा मळका दिसतो, हे मी दोनदा दाखवलं. पाणी सगळा उजेड परत देत नाही म्हणून पांढरं मंदावतं, आणि गढूळ पाण्याचा स्वतःचा थोडा उजेड मिसळतो म्हणून काळं फिकं पडतं. वरचं जेवढं गडद तेवढंच खाली गडद रंगवलं की चित्र पत्त्यातल्या राजासारखं दोन तोंडाचं होतं.

आता फोटो उलटा करायचा मुद्दा. मनाई मी हट्टानं केली नाही ताई. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी कॉपी नसते. आपला डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याच्या खालून कुणी बघतोय असं समजा, त्याला जे दिसेल ते प्रतिबिंबात येतं. म्हणून कमानीची आतली बाजू, छज्ज्याचा तळ पाण्यात जास्त दिसतो. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचंच घ्या, इमारत काठापासून मागे आहे, तर तिचा खालचा भाग पाण्यात काठाच्या आणि झाडांच्या आड जातो, वरचे मजले आणि टॉवर तेवढे उतरतात. तुमच्या फोटोतला पॅलेस उलटा करून चिकटवला असता तर पायऱ्या, दारं सगळी पाण्यात आली असती आणि बघणाऱ्याला कारण कळलं नसतं तरी काहीतरी खोटं वाटलंच असतं. शिवाय लाट आली की प्रतिबिंब आपल्या दिशेनं उभं लांबतं, आडवं पसरत नाही, हे स्थिर फोटोतून येणार कुठून.

निळ्याचं. शनिवारी फक्त सेपिया, म्हणजे एकच तपकिरी रंग, दिला होता हे खरं आहे आणि ते सिलॅबसमध्येच लिहिलंय. निळा हातात आला की माणूस पाणी निळं आहे असं ठरवूनच बसतो. रंकाळ्याचं पाणी निळं नाहीच, ते हिरवट तपकिरी आहे, केंदाळ (जलपर्णी) वाढलं की अजून वेगळं, पहाटे राखाडी गुलाबी. आधी एका रंगात उजेड-अंधार जमला की रविवारी निळा थोडासा आणि योग्य जागीच पडतो. आमच्या गावात चित्रकार अबालाल रहिमान होऊन गेले, १९३१ ला वारले, कोटीतीर्थ तलावाच्या काठावर राहायचे आणि तिथलं, रंकाळ्यावरचं पाणी वेगवेगळ्या वेळेचं रंगवायचे. त्यांच्या चित्रांसमोर मी मुलांना उभं करतो ते एवढ्यासाठीच की निळा किती कमी आहे ते बघा. त्या गावात मी पाणी शिकवतो, मग पहिल्या तासाला निळी ट्यूब उघडून द्यायला माझं मन होत नाही.

कागदाचे ६५० हे फॉर्मवर फीच्या खालीच होते. त्यात ३०० जीएसएमचा जाड, शंभर टक्के कॉटन कागद होता, पांढरी ठेवायची जागा रंगापासून झाकायचं मास्किंग फ्लुइड होतं, मी त्यावर काही कमावत नाही. साध्या कागदावर मास्किंग काढताना वरचा थरच निघून येतो, आणि पाण्यावरची चमक ओल्या ब्रशनं उचलून काढायची तर दोन घासात कागदाचे बोळे होतात, मग शिव्या मलाच. तुम्ही स्वतःचा पॅड आणला होतात, मी तो वापरू नका म्हटलं कारण तो त्या साध्या कागदाचाच होता, त्याचा तुम्हाला राग आला असेल तर समजू शकतो.

आणि चित्र अर्धवट वाटतं असं तुम्ही फोटो टाकून लिहिलंय, तर रविवारी तीनला तुम्ही बससाठी निघालात. साडेतीन ते पाच आम्ही शेवटचा पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, दिला, पुढच्या पाण्यावर गडद आडवे फटकारे मारले, कोरड्या ब्रशनं उन्हाची चमक ओढली. त्या दीड तासात पाणी ओलं दिसायला लागतं. तुमच्या चित्रातला मठ छान आलाय, टोन बरोबर आहेत, खालची वॉश (पहिला पातळ थर) पण स्वच्छ आहे, हे मी खुश करायला लिहीत नाही. त्याला फक्त ते शेवटचे थर हवेत.

आमचा क्लास म्हणजे एक खोली आणि शनिवार-रविवारच्या या बॅचेस, त्यावरच घर चालतं. दोन स्टार बघून जानेवारीच्या बॅचचे दोघे चौकशी करून गप्प झालेत, म्हणून एवढं लांब लिहिलं, राग मानू नका. काठावर बसायला खुर्च्या नव्हत्या, कट्टा गार लागतो हे तुमचं बरोबर आहे, त्याचं काहीतरी करतो, आणि उशिरा येणाऱ्यांसाठीही काही सोय करता येते का बघतो. कागदाचे पैसे फीमध्येच धरायचे का तेही घरी बोलणं चाललंय.

तुमचं चित्र टपालानं पाठवलंत तरी मी कुठं काय करायचं ते पेन्सिलनं मागे लिहून परत पाठवीन, पोस्टेज माझं. नाहीतर पुढच्या कुठल्याही रविवारी दुपारी तीनला या, फी नाही, दीड तासात पूर्ण करून न्या. आणि शनिवारचं स्थिर पाणी बघायचं असेल तर मुक्कामाला आदल्या दिवशी या, सव्वासहाला मी काठावर असतो.