अर्धा किलो पेढे आणि एक पिस्तूल

साताऱ्यात दहा मीटरवरच्या नेमबाजीचं एअर पिस्तूल घ्यायचं म्हटलं की पहिली फेरी घरातच होते.

"व्हय रं, ह्यानं डुक्कर मरतंय का?"

"न्हाई मामा, कागदाला भोक पडतं."

"कागदाला? आन् त्याला स्कूटरीपेक्षा जास्त पैसं?"

यावर कुठल्याही नेमबाजाकडे उत्तर नाही. .१७७ बोअर (म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी) आणि छर्र्याची ताकद २० जूलच्या आत असल्यानं परवाना लागत नाही, एवढं सांगून पाहावं. मामा म्हणणार, "लागला असता तर बरं झालं असतं."

पुढचा घोळ आपलाच. पूर्ण लांबीचं घ्यायचं की कॉम्पॅक्ट? कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणारं, असा एक गोड गैरसमज आहे. नळी आखूड, पुढचं टोक हलकं, एवढाच त्याचा अर्थ. स्पर्धेत एक हात लांब करून ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे म्हटल्यावर नाजूक मनगटाला ते मानवतं. पण हलकं पिस्तूल पटकन उचललं जातं तसं पटकन थरथरतंही. शिवाय माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि खाच (डोळ्याजवळची नेमाची फट) यांच्यातलं अंतर घटतं. ते ३०० मिलिमीटर धरा. माशी खाचेत पाव मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा सव्वाआठ मिलिमीटर भरकटतो. लक्ष्यावरची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर, म्हणजे एक गुण गेलाच. तेच अंतर ३५० असेल तर चूक सातावर येते. हात शिव्या खातो, गुन्हेगार मात्र भूमिती.

तरी लोक नळीवर तासभर बोलतात आणि मूठ बघतच नाहीत. खरी कटकट तिथेच. डोळे मिटून हात उचला, उघडा. माशी खाचेच्या मधोमध आपसूक दिसली पाहिजे. डावीउजवीकडे पळाली असेल तर मूठ तळव्यात नीट बसलेली नाही. मग कानस, सँडपेपर आणि एपॉक्सी पुट्टी. लाकूड थोडं थोडंच घासा. घासलेलं परत येत नाही, पुट्टी मात्र लावता येते. मे महिन्यात हात सुजलेला असताना बेतलेली मूठ डिसेंबरात सैल होते. तळव्याखालची पट्टी ऐसपैस ठेवायचा मोहही आवरा. स्पर्धेत पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं, आणि लांबीची काळजी करणारे बहुतेक त्या ५० वर, म्हणजे जाडीवर अडकतात.

ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. पिस्तुलाचं तोंड वर करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. सुटला की नापास. घरी तपासायला अर्धा किलो कंदी पेढ्यांचा पुडा चालेल असं वाटतं. चालत नाही. मधे कुणी एक पेढा खाल्ला की ट्रिगर घरी पास, स्पर्धेत नापास. खरं वजन आणा आणि ट्रिगर वीसेक ग्रॅम वरच ठेवा. काठावर पास व्हायची हौस दहावीपुरती पुरे.

छर्रा उडवणाऱ्या हवेचं सांगायचं तर सिलिंडर २०० बार दाबाचा. चारचाकीच्या टायरात जेमतेम सव्वादोन बार असतात, तेव्हा पंक्चरवाल्याला त्रास देऊ नका. हातपंप मारायचा तर थांबत थांबत. तापलेल्या पंपातून ओल आत जाते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! जुनं पिस्तूल "फक्त घरीच वापरलंय" म्हणून मिळत असेल, तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. आयुष्य दहा वर्षं. त्यातली नऊ घरातच गेलेली असतात.

एवढं सगळं जुळवून कॉम्पॅक्ट घेतलं की दोन महिन्यांत टोक फारच हलकं वाटू लागतं. मग नळीखाली लावायची छोटी वजनं मागवायची, दहा-दहा ग्रॅमची. ती मामांच्या हाती लागतातच.

"हलकं पायजे म्हणून जास्तीचं पैसं दिलं," मामा वजनं तळहातावर खेळवत म्हणतात, "आन् आता जड करायला परत?"