कमी माणसांच्या राज्यातून

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटीच्या आत, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही कमी, म्हणून ते श्रीमंत, आणि आपल्याकडे माणसं निम्मी झाली की नोकऱ्या, घरं, रस्ते सगळं आपोआप जाग्यावर येईल. खाली आतेभावाने लिहिलंय, "तू तर तिथेच आहेस, सांग की सगळ्यांना." तर सांगतो, आणि जरा रागानेच सांगतो, कारण मी जर्मनीच्या ज्या भागात राहतो तिथे माणसं खरोखरच कमी झालीत.

मी केम्नित्सला असतो, पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात. 1990 ला या राज्यात 47-48 लाख लोक होते, आता 40 लाखांच्या आसपास आहेत. मेसेजच्या हिशोबाने इथे उरलेल्यांना घरबसल्या नोकऱ्या मिळायला हव्या होत्या. झालं उलटंच. एकीकरणानंतर सरकारी कारखाने एकामागून एक विकले नाहीतर बंद केले, तरुण पोरं पश्चिमेकडे गेली, त्यात मुली जास्त, आणि माणसं घटत होती तशी बेकारीही वाढत होती, 2005 च्या सुमारास 18 टक्क्यांच्या आसपास गेली होती. अरे, जो गाव सोडून जातो तो नुसता नोकरीतला स्पर्धक नसतो ना, दुकानातलं गिऱ्हाईक तोच असतो, टॅक्स तोच भरतो, शाळेच्या पटावर पोरं त्याचीच असतात. होयर्सवेर्डा म्हणून कोळशाच्या पट्ट्यातलं गाव आहे, एकेकाळी 70 हजारांच्या घरात वस्ती, आज निम्म्याहूनही कमी. तिथे बरेचसे प्लाटनबाउ, म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या इमारती, पाडून टाकलेत. पूर्ण चाळीच्या चाळी काढल्यात आणि आता नुसतं गवत आहे, मधून फूटपाथ तसाच जातो, दिव्याचे खांब तसेच उभे.

आणि जन्मदराचं तर विचारूच नका. 1994 मध्ये पूर्व जर्मनीत एका बाईमागे 0.77 मुलं, म्हणजे एकही पूर्ण नाही. तेव्हा जी मुलं जन्माला आलीच नाहीत ती आज तिशीत असती, नर्स असती, ट्राम चालवत असती, त्यांची स्वतःची पोरं असती. ती नाहीत म्हणून आता कीटा, म्हणजे बालवाड्या, बंद पडतायत. माझी मुलगी ज्या कीटात जाते तिथून पत्र आलंय की पुढच्या वर्षी दोन गट एकत्र करणार. आमच्या कोपऱ्यावरचा बेकर आठवड्यातून तीनच दिवस उघडतो, दारावर हाताने लिहिलेला कागद आहे, माणूस मिळत नाही म्हणून. धंदा नाही असं अजिबात नाही, शनिवारी सकाळी दाराबाहेर रांग असते. डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मला चार महिन्यांनंतरची मिळाली, चिपळूणला आईला त्याच दिवशी डॉक्टर बघतो, हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

आता कोणीतरी सॅक्सनीतल्याच ड्रेस्डेनची बातमी टाकेल, टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीचा कारखाना, 10 अब्ज युरोच्या वर गुंतवणूक, जवळजवळ निम्मी सरकारची. चांगलंच आहे ते, इथलंच लायप्झिग शहरही बीएमडब्ल्यू-पोर्शे आल्यावर परत भरलं, 6 लाखांच्या वर गेलंय. पण दोन्हीकडे माणसं बाहेरून आली म्हणून झालं ना हे? बेकारी आज खूप खाली आलीय त्यामागे म्हाताऱ्या पिढीचं रेन्टेवर, म्हणजे पेन्शनवर, जाणंही आहे, राज्याचं सरासरी वय 47 च्या आसपास आहे. आणि याच राज्यात 2024 च्या निवडणुकीत 30 टक्क्यांहून जास्त मतं "बाहेरचे नकोत" म्हणणाऱ्या पक्षाला पडली. माझ्याशी शेजारी चांगले वागतात, ते खरंच सांगतो, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी उशिराच्या ट्राममध्ये आईचा फोन आला की मी आवाज बारीक करतो, हेही खरं आहे.

बरं, जर्मनी सोडा. रत्नागिरी घ्या. 2001 ला जिल्ह्यात जवळजवळ 17 लाख लोक, 2011 ला 16 लाख 15 हजार. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा आणि सिंधुदुर्ग घटले. झाली का मग रत्नागिरीची जर्मनी? हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी, बोटीवर खलाशी नेपाळी, वाडीतल्या शाळेला पटसंख्या नाही म्हणून टांगती तलवार, आणि चाकरमानी गणपतीला आले की पाच-सात दिवस घरं उघडतात. महाराष्ट्राचा जन्मदरही 2019-21 च्या पाहणीत एका बाईमागे 1.7 मुलांवर आला होता, गर्दी दिसते ती पुण्या-मुंबईत माणसं एका जागी येऊन पडलीत म्हणून दिसते. या गोष्टीवर ग्रुपमध्ये एक अक्षर नाही, निम्मी माणसं मात्र कमी करायचीत. कोणती निम्मी? गेलेल्या निम्म्यात मी आहे. वाडीतून बाहेर पडलो, पुण्यातून बाहेर पडलो, आता टॅक्स इथे भरतो, रेन्टे इथे जमा होते, मतदान मात्र इथे करता येत नाही आणि तिकडच्या यादीत नाव असून जाणं होत नाही. सॅक्सनीतली रिकामी गावं बघून मला जे वाईट वाटतं ते माझ्याच गावाचं वाटतं, आणि इथल्या लोकांना ते बोलून दाखवलं तर त्यांना कळतं, आमच्या ग्रुपला कळत नाही, याचा जास्त राग येतो.

दादा, तुझ्या मुलाची जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झाली म्हणालास. आपल्या सरकारनेच 2024 ला जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केलाय, त्यातून येऊ दे नाहीतर आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या कोर्सला, इकडे येऊ दे, मी न्यायला येईन, घरी ठेवून घेईन, आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्याच्या ऑफिसच्या, रांगेतही त्याच्यासोबत उभा राहीन. त्याची इथे गरज आहे, अगदी मनापासून सांगतो. फक्त तो आला की तुमच्या वाडीतलं अजून एक घर गणपतीपुरतं उघडणार, तेवढं धरून मग तो मेसेज पुढे पाठव.