‘तीच झाडं, तीच तळी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिनलंडच्या वेगवेगळ्या प्रांतांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५६ लाख वस्तीच्या देशाचे कसले प्रांत पाडताय? हेलसिंकीपासून वर कुठेही जा, तीच बर्चची झाडं, तीच तळी, न्याहारीला तेच पदार्थ. तुम्ही स्वतः दहा दिवस फिरून आलात आणि तुम्हाला काहीच वेगळं दिसलं नाही. शिवाय उत्तरेकडच्या लॅपलंड प्रांतातल्या रोव्हानिएमी शहराच्या फोटोखालची माझी ओळ चुकीची आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ‘सामी लोकांचं गाव’ असं मी लिहून मोकळा झालो होतो. सामी म्हणजे उत्तरेकडचे मूळ रहिवासी, आणि रोव्हानिएमी त्यांच्या मूळ प्रदेशात मोडतच नाही. तो प्रदेश बराच वर आहे: उत्स्योकी, इनारी, एनोन्तेकिओ आणि सोदानक्युलाचा उत्तरेकडचा भाग. पर्यटकांच्या दुकानाबाहेर रंगीत पोशाख घालून उभा असलेला माणूस सामी असेलच असंही नाही. सामी लोक त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आलेत. ओळ बदलली आहे. पण बघा, तुमच्या या दुरुस्तीनेच लॅपलंडचे दोन तुकडे झाले. त्यातल्या एकट्या इनारीत चार भाषांना सरकारी मान्यता आहे: फिन्निश आणि तीन वेगवेगळ्या सामी भाषा.

आता वस्ती. पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेतच ९४ लाख माणसं होती, त्यामुळे तुमचा टोमणा मला कळतो. पण क्षेत्रफळात फिनलंड महाराष्ट्राहून मोठा आहे. आपले ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, त्यांचे ३ लाख ३८ हजार. एवढ्या जागेत इतकी थोडी माणसं, त्यात हिवाळा आणि मधे पाणी. शेजारच्या गावाशी शतकानुशतकं फारसा संबंधच आला नाही, तर बोली आणि चुली वेगळ्या होणारच.

झाडं सारखी दिसतात, मान्य. भुसावळ ते बडनेरा गाडीच्या खिडकीतून बघितलं तर खानदेश कुठे संपला आणि वऱ्हाड कुठे लागलं ते तरी कुठे दिसतं? उतरून काहीतरी खावं लागतं.

तुम्ही न्याहारीचं लिहिलंत तेच घेऊ. हेलसिंकीच्या हॉटेलात तुम्ही जी ‘भाताची छोटी पुरी’ खाल्लीत ती कारेलियाची, देशाच्या पूर्व टोकाची. योएन्सूच्या बाजारात मी ती करताना बघितली. राय नावाच्या धान्याची पारी लाटायची, इतकी पातळ की खालचा ओटा दिसावा. मधे दुधात शिजवलेला भात, बिनसाखरेचा. मग दोन्ही कडा आत घेऊन चिमटीने चुण्या घालत जायचं. करंजीला मुरड घालणाऱ्या कुणालाही तो हात लगेच ओळखू येईल. गरम असताना वर लोण्यात कालवलेलं उकडलेलं अंडं.

मग ती सगळीकडे का मिळते? सोव्हिएत संघाशी झालेल्या हिवाळी युद्धानंतर, १९४० साली, फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग त्यांना द्यावा लागला. मधे तो परत मिळाला आणि १९४४ साली पुन्हा गेला. ४ लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली, म्हणजे तेव्हाच्या देशातला दर दहावा माणूस. सरकारने त्यांना जमिनी देऊन देशभर वसवलं. त्यांच्याबरोबर पारी लाटायची लाटणीही गेली. तुम्हाला जे ‘सगळीकडे सारखं’ वाटलं, त्याच्यामागे गमावलेला एक अख्खा मुलूख आहे. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. चूक माझीच.

पावाचंही तसंच. पश्चिमेकडे पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा पाव भाजायचे, चपटा आणि मधे भोक पाडलेला, आणि छताखाली आडव्या काठीवर ओवून वाळवायचे. पूर्वेकडे घर गरम ठेवायलाही तीच भट्टी, म्हणून पाव ताजा, जाड आणि मऊ. सावो प्रांतात, कुओपिओला, त्या पावाच्या पोटात मासेच भरतात. मांदेलीची आठवण करून देणारे छोटे मासे आणि डुकराची चरबी, वरून रायचं जाड कवच, आणि मंद आचेवर कित्येक तास. काटे विरघळून जातात. मला विकणारे आजोबा काहीतरी लांबलचक बोलले. बरोबरची फिन्निश मैत्रीण म्हणाली, मलाही धड कळलं नाही. तिथे म्हणच आहे: सावोचा माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची.

आणि तुम्ही ‘नुसती सपाट शेतं’ म्हणून उडवून लावलेला पश्चिम किनारा? तिथल्या वासा शहराजवळची जमीन दरवर्षी ८ ते ९ मिलिमीटर वर येते. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने ती खचली होती, ती अजून सावरतेय. किनारा इतका सपाट की तेवढ्यानेही समुद्र मागे हटतो. होड्यांच्या जुन्या खोपी आज गवतात उभ्या दिसतात. १८५२ साली वासा जळलं, तेव्हा लोकांनी ते जुन्या जागी न बांधता समुद्राच्या दिशेने काही किलोमीटर सरकवून बांधलं, कारण बंदर उथळ झालं होतं. आपल्याकडे समुद्र जमीन खातो म्हणून बंधारे बांधतात, इथे गाव समुद्राच्या मागे धावतं.

फिनलंडच्याच ऑलंड बेटांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे गेला नसाल. तिथली सरकारी भाषा फक्त स्वीडिश. झेंडा वेगळा, टपाल तिकिटं वेगळी, आणि मुलांना सक्तीची लष्करी सेवा नाही. तिथल्या मारिएहामन शहरात मी तिथला ‘पॅनकेक’ मागवला. आला तो बोटभर जाड चौकोन. दुधात शिजवलेला रवा, वेलदोड्याची पूड, वरून भट्टीत खरपूस भाजलेला. पहिला घास घेतला आणि बायको म्हणाली, अगं बाई, हा तर सत्यनारायणाचा प्रसाद! फक्त शेजारी सुक्या आलुबुखाऱ्याचा मुरंबा आणि फेटलेली साय होती, आणि केळं घालायला विसरले होते.