दोष फॉर लूपचा नाही, त्यात कोंबलेल्या आरबाइंडचा

बहिणीचं सिम्युलेशन रात्रभर चालूनही संपेना, म्हणून तिचा आर या प्रोग्रामिंग भाषेतला कोड उघडला आणि डोक्यात तिडीक गेली. सगळीकडे फिरणारा तो सल्ला तिने जसाच्या तसा उतरवला होता: ‘रिकामी डेटा फ्रेम घ्या, लूपमध्ये आरबाइंडने एकेक ओळ जोडत जा. नव्या आरमध्ये याने फरक पडत नाही. तरी हळू वाटलं तर फॉर काढून एलअप्लाय लावा.’

फरक पडत नाही? डेटा फ्रेम म्हणजे तक्ता, आणि आरबाइंड जुन्या तक्त्याखाली ओळ चिकटवत नाही. तो दरवेळी नवा तक्ता बांधतो आणि जुन्या सगळ्या ओळी त्यात उतरवतो. 10,000वी ओळ जोडताना आधीच्या 9,999 ओळींची पुन्हा नक्कल होते. पहिल्या फेरीपासून बेरीज केली तर जवळपास 5 कोटी ओळींची नक्कल, तीही 10,000 ओळींच्या तक्त्यासाठी! ओळी दुप्पट केल्या की हे काम चौपट. शिवाय प्रत्येक फेरीत स्तंभांची नावं जुळवा, फॅक्टर (ठरावीक गटांचे स्तंभ) असतील तर त्यांच्या लेव्हल्स (गटांची नावं) एकत्र करा, ते वेगळंच. वीस-तीस ओळींवर करून बघणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून हा सल्ला इतका पसरतो.

‘नव्या आर’मध्ये तथ्य आहे, पण अर्धंच. 2017 साली आलेल्या 3.4.0 आवृत्तीपासून व्हेक्टरच्या (एकाच प्रकारच्या किंमतींच्या रांगेच्या) लांबीपलीकडच्या जागी किंमत ठेवली, की आर थोडी जादा जागा राखून ठेवतं. आरबाइंडला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि त्या आवृत्तीच्या अधिकृत बदलनोंदीत, त्याच मुद्द्यात, स्पष्ट लिहिलंय की आधीच जागा राखणं अजूनही श्रेयस्कर. निदान तेवढं तरी वाचायचं होतं.

एलअप्लाय प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून निकाल लिस्टमध्ये देतं, त्यात जादू नाही. त्याच्या आत दुहेरी बाणाने (<<-, फंक्शनबाहेरची किंमत बदलणारं चिन्ह) बाहेरच्या तक्त्यावर आरबाइंड चालवलं, तर रखडणं तेच. फायदा होतो तो निकाल लिस्टमध्ये गोळा झाल्यामुळे, आणि ते फॉरनेही जमतं: हव्या त्या लांबीची रिकामी लिस्ट आधी बनवा, प्रत्येक फेरीचा निकाल आपापल्या खणात ठेवा, लूप संपल्यावर डू.कॉलने सगळे तुकडे आरबाइंडला एकदाच द्या. तुकडे हजारोंनी असतील तर डेटा.टेबल पॅकेजचं आरबाइंडलिस्ट वापरा, ते बरंच वेगवान आहे.

बहिणीच्या कोडमध्ये तर फेरीगणिक दोनच आकडे निघत होते. तिथे लिस्टसुद्धा नको: पुरेशा लांबीचे दोन न्यूमेरिक व्हेक्टर आधी घ्यायचे, लूपमध्ये भरायचे आणि डेटा फ्रेम शेवटी एकदाच बांधायची.