ज्येष्ठांनी जपून चालावे

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर पार्किंगकडे जाणाऱ्या तीन पायऱ्यांशेजारी नवी पाटी. लॅमिनेट केलेली, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. "पायऱ्या निसरड्या आहेत. ज्येष्ठांनी जपून चालावे. पडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. आदेशावरून."

पुण्यात राहून पाट्यांवर चिडायचं नसतं, कळतं मला. एरवी मीच फोटो काढून ग्रुपवर टाकते. पण परवा याच पायऱ्यांवर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पडल्यात. पावसाची भुरभुर होती, हातात अळूची जुडी. डावं मनगट मोडलं. हात टेकला म्हणून मनगटावर निभावलं, बाजूवर आदळल्या असत्या तर खुबाच गेला असता. आणि ग्रुपवर काय आलं? आधी हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग एकाने लिहिलं, "काकू, एवढ्या पावसात बाहेर पडायचंच कशाला?" मग ही पाटी.

म्हणजे गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट गेल्या दिवाळीआधी बसवला सोसायटीने, आणि जपून चालायचं काकूंनी!

काकू 71 वर्षांच्या आहेत. अजून रविवारी वेताळ टेकडी चढतात. त्या "जपून" म्हणजे नक्की कशा चालणार होत्या, हवेतून?

"जपून" या शब्दाचा मला राग का येतो ते सांगते. काहींना माहीत आहे, पण सगळं कुणालाच नाही.

2023 चा जुलै. आई तेव्हा 78 ची. रात्री साधारण 3 वाजता बाथरूमला उठली. बीपीची गोळी चालू, त्यामुळे झटकन उठलं की तिला भोवळ यायची. लाइट लावला नाही. बाथरूमच्या दाराशी पायपुसणं सरकलं, तिने टॉवेलचा दांडा धरला, तो दोन स्क्रूंसकट भिंतीतून उपटून हातात आला. टॉवेल वाळवायच्या दांड्याने माणसाचा भार कसा घ्यायचा? धप्प वगैरे आवाज नाही झाला. दांडा फरशीवर खणखणला, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नसण्याने मला जाग आली.

ती फरशीवर. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. पाय असा दिसला की उभं करायचं नाही, चोळायचं नाही, 108 ला फोन करायचा, हे आज मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तेव्हा मी काय केलं? काखेत हात घालून तिला उभी करायला गेले. ती एकदाच ओरडली आणि माझा दंड घट्ट धरला. आणि मी, तिची लेक, तिला म्हणाले, "लाइट लावायला काय होतं गं तुला?"

हे माझं पहिलं वाक्य. खूप दुखतंय का, नाही. घाबरू नकोस, नाही. मीसुद्धा तीच पाटी लावली, लॅमिनेट न करता.

लाइट का नाही लावला ते नंतर कळलं. माझी सकाळी 7 ची शिफ्ट होती. बाथरूमच्या लाइटचा उजेड थेट माझ्या पलंगावर येतो.

पुढचं बऱ्याच जणांच्या घरी झालंय, लांबण लावत नाही. मांडीच्या हाडाचा वरचा भाग, खुब्यातला, मोडला होता. मामाचा फोन, एक चांगला हाडवैद्य आहे, पाला बांधतो. आत्याचा फोन, या वयात कापाकापी कशाला, पडून राहू दे, जुळेल हळूहळू. मला डॉक्टरांनी बाहेर बोलावून सरळ सांगितलं. या वयात खुबा मोडलेल्या पाचांतलं एक तरी माणूस वर्ष काढत नाही, आणि घात बहुतेक वेळा पडून राहिल्याने होतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया, पाठीला बेडसोर, पायात रक्ताची गाठ. एक-दोन दिवसांत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी पाय जमिनीवर, हीच वाट. तसंच केलं. अर्धा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला वॉकर धरून उभं केलं, तेव्हा आईने तिला पहिलं काय विचारलं असेल? "तू जेवलीस का?"

तिसऱ्या रात्री मात्र आई शनिवार पेठेतल्या वाड्यात गेली. म्हणजे तिला तसं वाटत होतं. मला वहिनी म्हणायला लागली, नळ आलाय, हंडा लाव म्हणाली, सलाइन ओढून काढायला लागली. वेडच लागलं की काय असं वाटून मी कॉरिडॉरमध्ये रडले. सिस्टर म्हणाल्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना होतं असं, घड्याळ दिसू दे, चष्मा लावा, घरचं माणूस समोर बसू दे. चष्मा माझ्याच पर्समध्ये होता तीन दिवस. लावला. चौथ्या दिवशी दुपारी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहा पाणचट आहे म्हणाली.

आता मला खरी आग लावणारी गोष्ट. त्याआधी चार वर्षं, भाजी आणताना पडून आईचं मनगट मोडलं होतं. काकूंचं मोडलंय तसंच. दीड महिना प्लास्टर, प्लास्टर निघालं, आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले. उभ्या उभ्या पडून हाड मोडतं म्हणजे हाडच ठिसूळ झालंय का ते बघा, असं आम्हाला कुणी म्हणालं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, हे मला 52 व्या वर्षी कळलं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा स्कॅन नावाची साधी, न दुखणारी तपासणी असते. खुब्यानंतर केली, तर आकडा उणे 3.4. उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. त्यावर औषध आहे, वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शनही आहे. मनगटाच्या वेळी सुरू झालं असतं तर? सोडा. रात्री 3 वाजता हा विचार करायला मला कुणाच्या मदतीची गरज पडत नाही.

तर काकू, तुमचा मुलगा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, तो वाचेलच. प्लास्टर निघालं की डेक्सा. टाळाटाळ केलीत तर मी घरी येऊन बसेन.

बरं, मान्य. सगळेच काही फरशीमुळे पडत नाहीत. मोतीबिंदू असतो, झोपेच्या गोळ्या असतात, तळ झिजून कागद झालेल्या स्लिपर असतात. आणि म्हातारी माणसं ऐकत नाहीत हेही मान्य, काठी घ्या म्हटलं की आमच्या आईला काठीत स्वतःचं म्हातारपण दिसतं. पण म्हणून पायरीला कठडा नको?

कठड्याचा विषय सर्वसाधारण सभेत आला होता, हं. ग्रॅनाइटला दोन लाख चाळीस हजार मोजले. तीन पायऱ्यांच्या स्टीलच्या दांड्याचं कोटेशन होतं साडेआठ हजार. "लूक जातो," असं ठरलं. कुणाचं तोंड होतं ते लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर ग्रॅनाइटचे नमुने दाखवले तेव्हा खडबडीत पण होता, आणि "हा काळा पॉलिशवाला छान दिसतोय" म्हणणाऱ्यांत मीही होते. आई घरात वॉकरवर असताना! आता बोला.

आमच्या बाथरूममध्ये आज भिंतीत खोल बोल्ट ठोकलेले दोन दांडे आहेत. कमोडवर उंच सीट आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर छोटे दिवे आहेत, उठून चालू लागलं की आपोआप लागतात आणि माझ्या डोळ्यांवर येत नाहीत. आई उठताना आधी पलंगाच्या कडेला बसते, मनात रामरक्षेच्या चार ओळी म्हणते, मग पाय टेकते. तिचं घड्याळ तेच. हे सगळं मिळून एका ग्रॅनाइटच्या पायरीएवढासुद्धा खर्च आला नाही. फक्त उशिरा आला.

आणि या दोन वर्षांत ती एकटी खाली उतरलेली नाही. जिना नाही, लिफ्ट आहे. अडतं ते त्या तीन पायऱ्यांपाशी. पाडव्याला मैत्रिणीकडे जायचं होतं, साडी नेसून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "नको, माझ्यापायी उगाच तुझी रजा." पाय चालतो तिचा. धीर चालत नाही.

उद्या सकाळी 10 वाजता फॅब्रिकेटर येतोय. साडेआठ हजार मी भरलेत, वर्गणी मागणार नाही. ज्यांना लूक जातो असं वाटतं त्यांनी 10 वाजता पायऱ्यांपाशी येऊन माझ्या तोंडावर सांगावं. पाटी मी काढलेली आहे. आदेशावरून.

ता. क. पोस्ट आईला वाचून दाखवली. आत्याचं आणि मामाचं काढून टाक म्हणाली, नाही काढणार. शिवाय म्हणते, पायपुसण्याचं नीट लिही, ते मीच तुळशीबागेतून आणलं होतं, कुणाला उगाच तुझं वाटायला नको.

मी पोस्टमध्ये ते कुणी आणलं होतं हे लिहिलंच नव्हतं. आणि तिने नव्हतं आणलं.